खिडकीजवळ ठेवलेल्या प्लेटा

उन्हाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत भरदुपारी दिवा लावावा लागत असे. गुढीपाडवा झाला की पूर्वेच्या तिन्ही मोठ्या खिडक्यांवर वाळ्याच्या ताट्या चढत, त्यांवर तासातासाने पाणी शिंपडले जाई, आणि बाहेर नागपूरचे ऊन रस्त्यावरचे डांबर मऊ करीत असताना आत ओल्या मुळांच्या वासाचा हिरवट अंधार साठून राही. त्या अंधारात छताला टांगलेला एकच पिवळा बल्ब. आयुष्यातले पहिले शास्त्रीय आकडे मी त्या बल्बखाली मोजले. त्या आकड्यांचा त्या अंधाराशी काही संबंध असेल, हे तेव्हा माझ्या मनातही आले नव्हते.

सत्तरचे दशक निम्मे सरले होते आणि मी छत्तीस पूर्ण केली होती. बारा वर्षे मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवल्यावर दोन वर्षांची रजा घेऊन मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. वर्गातली बाकीची मुले एकवीस-बावीसची. पहिल्या दिवशी मी दारातून आत आले तेव्हा ती सगळी उठून उभी राहिली, आणि मी जाऊन त्यांच्याच बाकावर बसले तेव्हा त्यांची आणि माझी सारखीच पंचाईत झाली.

प्रबंधासाठी सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, मला दिलेला विषय साधा होता: पाण्यातले जिवाणू अतिनील प्रकाशाखाली किती वेळात मरतात. सर मितभाषी होते. चूक सापडली तर ते रागावत नसत. वहीतल्या त्या ओळीखाली पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढत. त्या रेघेला मी बोलण्यापेक्षा अधिक भीत असे.

कामाची पद्धत अशी होती. सकाळी मी जिवाणू मिसळलेले पाणी काचेच्या पसरट प्लेटांमधल्या अगरवर पसरत असे. अगर म्हणजे समुद्रशेवाळापासून केलेली, खळीसारखी थिजणारी जेली. तिच्यात जिवाणूंचे अन्न कालवलेले असे. मग त्या प्लेटा आतल्या लहान खोलीत जात. तिथे एका लाकडी पेटीत अतिनील दिवा होता. हा प्रकाश काचेतून पार होत नाही. म्हणून प्लेटांची झाकणे काढायची, मोजून वीस सेकंद त्या दिव्याखाली ठेवायच्या, पुन्हा झाकायच्या आणि बाहेर आणायच्या. जे जिवाणू वाचत, त्यांतल्या एकेकाचा दुसऱ्या दिवशी अगरवर एकेक पांढुरका ठिपका उमटे. ते ठिपके मोजायचे, एवढेच माझे संशोधन.

आतल्या खोलीत विद्यार्थ्यांनी जायचे नाही, असा सरांचा नियम होता. पूर्वी कुणी तरी चष्म्याशिवाय त्या दिव्याकडे पाहिले होते आणि दोन दिवस त्याला डोळे उघडता आले नव्हते. काळा चष्मा विभागात एकच होता, आणि तो प्रयोगशाळेच्या परिचरांच्या नाकावर बसेल असा वाकवून घेतलेला होता.

परिचरांना सगळे भाऊ म्हणत. पन्नाशीचे, सडसडीत, रोज कामठीहून सायकलने येणारे. घर विणकरांचे, त्यांची पत्नी अजूनही हातमागावर बसत असे. नऊ वर्षे भाऊ हंगामी म्हणून राबत होते. त्या वर्षी दिवाळीपूर्वी त्यांना कायम करण्याचा कागद निघायचा होता, आणि त्यावर सरांचा शेरा हवा होता. ‘सरचा शेरा चांगला आला का मी सुटलो,’ ते प्लेटा धुता धुता म्हणत. ‘नाई आला तर या वयात मले कोन ठेवते बाई? पुन्हा मागावर. आन मागाचं तर तुमाले मालूमच हाय, पावरलूमनं सारे खाऊन टाकले.’ दिवा लावायला निघाले की चष्मा चढवून म्हणत, ‘चला, मारबत निघाली.’ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून मिरवत नेऊन जाळली जाणारी मारबत नावाची भली मोठी बाहुली गावाची रोगराई सोबत घेऊन जाते. त्यांच्या लेखी त्या दिव्याचे कामही तेच होते.

आणखी एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यामुळे घडले. दिव्याखालून आलेल्या प्लेटा वाढीसाठी उबेत ठेवाव्या लागतात. त्यासाठी इन्क्युबेटर नावाचे बंद कपाट असते. आमचे कपाट म्हातारे झाले होते. मनाला येईल तसे ते कधी पस्तीस अंश दाखवी, कधी पंचेचाळीस. पण नागपूरला त्याची गरज तरी काय होती? कपाटाने द्यायची ती ऊब आमच्या खोलीत फुकट होती. मार्च ते ऑक्टोबर प्लेटा खिडकीखालच्या लांब फळीवर रचायच्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विसरून जायचे, ही विभागाची जुनी पद्धत. ‘आपला इन्क्युबेटर वरून चालतो,’ असे सर एकदा आकाशाकडे बोट दाखवून म्हणाले होते. मी त्यांना हसताना पाहिले ते तेवढेच. थंड देशातल्या प्रयोगशाळेने असे कधी केले नसते. म्हणून आमच्या हातून झालेली चूकही तिथे कुणाला सहसा करता आली नसती.

उन्हाळ्यात माझे आकडे शहाण्या मुलींसारखे वागले. वीस सेकंद दिवा दिला की सात-आठ ठिपके; कधी सहा, कधी नऊ. सर वही उलटत गेले आणि पेन्सिल त्यांनी हातात घेतली नाही. पुढे पावसाळा लागला, ताट्या उतरल्या, लेखी परीक्षांसाठी प्रयोग थांबले. पोळा होऊन गेल्यावर मी पुन्हा सुरुवात केली.

पहिल्याच दिवशी साठ ठिपके निघाले. तोच दिवा, तेच वीस सेकंद, त्याच जातीचे जिवाणू. दुसऱ्या दिवशी ऐंशी, मग एकदम वीस, मग पुन्हा सत्तर. मी अगर बदलले, पाणी बदलले, माझे हात दोनदा धुतले. उपयोग झाला नाही.

‘आज लई निघाले पोट्टे,’ मोरीपाशी प्लेटा उकळत ठेवताना भाऊ म्हणाले. ‘मरूनच नाई राहिले.’

‘काय होतंय कळत नाही, भाऊ.’

‘मी सांगू काय? ऊन असलं का जास्त निघून राहिले. अभाळ असलं का कमी. धुवाले मलेच लागते ना, म्हनून ध्यानात आलं.’

मी शाळेतल्या मुलीला समजावे तशी त्यांना समजावू लागले. ‘उन्हाने जंतू मरतात, भाऊ. म्हणून तर आपण गाद्या उन्हात टाकतो.’

‘गादीतले ढेकून मरतात बाई,’ ते म्हणाले. ‘याईचं मले काई मालूम नाई.’ आणि ते पुन्हा प्लेटांकडे वळले.

त्याच आठवड्यात सरांनी मला बोलावले. वही उघडी होती. त्यांनी रेघ ओढली नव्हती; पेन्सिल वहीशेजारी आडवी ठेवली होती.

‘झाकणे काढली जात नाहीत,’ सर म्हणाले. ‘मध्ये काच राहिली की हेच होणार. एखाद्या दिवशी काढतो, एखाद्या दिवशी कंटाळा करतो. आकडे तेच सांगताहेत. त्याच्या कागदावर शेरा लिहायचा आहे, म्हणून तुम्हाला विचारतो. त्याला झाकणे काढताना तुम्ही पाहिले आहे?’

‘नाही, सर,’ मी म्हणाले. ‘मी आत जात नाही.’

हे वाक्य पुढे मी कितीदा तरी तपासून पाहिले आहे. त्यात खोटे असे एक अक्षर नव्हते. याच माणसाने उन्हाळाभर याच दिव्याखाली माझ्या प्लेटा धरल्या आणि एक आकडा इकडचा तिकडे झाला नाही, हेही तितकेच खरे होते. ते मी म्हटले नाही. विचारले तेवढ्याचे उत्तर द्यायचे, ही माझी लहानपणापासूनची सवय. त्या सवयीला मी नम्रता समजत आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ चष्मा खिळ्याला अडकवताना दिसले. अंगात बाहेरचा सदरा होता.

‘सर म्हनाले, दिवाळीपर्यंत घरी राय. मंग पाहू म्हनाले. चाबी ड्रॉवरात ठेवली.’ जिन्यापर्यंत जाऊन ते परत फिरले. आवाज चढलेला नव्हता. ‘तुमी एकडाव आत येऊन पाहाले पायजे होतं बाई. मी तिथं काई लपवत नव्हतो.’

नियमाचे कारण माझ्या ओठांवर होते. ते न सांगण्याइतकी समज मात्र मला आली.

भाऊ नसल्यामुळे प्लेटा मलाच धुवाव्या लागू लागल्या. मोरीशेजारी सुतळीने बांधलेली एक वही लोंबत असे. किती प्लेटा धुतल्या आणि गच्चीवर त्या वाळल्या की नाही, एवढेच भाऊंनी तिच्यात रोज लिहिलेले. ‘पन्नास. वाळल्या.’ ‘चाळीस. वाळल्या नाई.’ तिसऱ्या दिवशी तीत माझी ओळ लिहिताना मी सहज मागची पाने चाळली, आणि मग हात पुसून माझी वही तिच्याशेजारी ठेवली. ज्या दिवशी प्लेटा वाळल्या होत्या, त्या दिवशी माझे जिवाणू जगले होते. ज्या दिवशी वाळल्या नव्हत्या, त्या दिवशी त्यांतले बरेचसे मेले होते. पोळ्यानंतरचा एकही दिवस याला अपवाद नव्हता.

गादी, ढेकूण आणि माझे प्रवचन मला आठवले. तरीही एक गोष्ट जुळत नव्हती. मे महिन्यात तर प्लेटा घडीभरात वाळत. मग तेव्हा सातच ठिपके का? मी खिडकीकडे पाहिले. चौकटीच्या वरच्या बाजूला गंजलेले हूक होते, आणि त्या हुकांना वाळ्याचे दोन-चार तंतू अजून चिकटलेले होते.

ऊन मे महिन्यात बाहेर होते. आत ताट्यांचा अंधार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटा तयार करून मी ड्रॉवरातून किल्ली काढली. सरांचा नियम मी मोडला तो एवढाच एकदा, आणि तोही भीत भीत. आतल्या खोलीत पाऊल ठेवले तेव्हा दिव्याच्या आधी मला पेटीशेजारची फळी दिसली. फळीवर पेन्सिलीने बारा वर्तुळे काढलेली होती, प्रत्येकात आकडा. दिव्याखालच्या एकेका प्लेटचे झाकण ज्या त्या आकड्यावर ठेवायचे, म्हणजे झाकणांची अदलाबदल होणार नाही, अशी ती व्यवस्था होती. काच रोज रोज टेकून त्या वर्तुळांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. पेन्सिलीच्या रेघा पुन्हा पुन्हा गिरवलेल्या दिसत होत्या. भाऊंनी मला आत येऊन पाहायला सांगितले होते ते हे.

चष्मा माझ्या नाकावर राहीना. भाऊंच्या पत्नीने त्याला जुन्या लुगड्याच्या काठाची नाडी शिवली होती. ती मी डोक्यामागे दोनदा गुंडाळली. झाकणे काढून एकेका वर्तुळात ठेवली, दिवा लावला, वीस आकडे मोजले. दिवा निळसर, मंद. इतका शांत की त्याच्याखाली काही मरत असेल असे वाटू नये. मग प्लेटा झाकून बाहेर आणल्या. फोटो स्टुडिओतून फोटो छापायच्या कागदांच्या पाकिटातले काळे कागदी वेष्टण मागून आणले होते. ते मी प्रत्येक प्लेटच्या अर्ध्या भागावर वरून-खालून घट्ट गुंडाळले, अर्धा भाग उघडा ठेवला, आणि प्लेटा फळीवर मांडून दिवसभर तशाच राहू दिल्या. आकाश त्या दिवशी स्वच्छ होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टूल ओढून बसले आणि एकेका प्लेटवरचा कागद काढला.

काळ्या कागदाखालचा अर्धा भाग जवळजवळ रिकामा होता. मधाच्या रंगाचे नितळ अगर, त्यावर तीन-चार ठिपके. उरलेला अर्धा भाग ठिपक्यांनी भरून गेला होता. दोहोंच्या मध्ये कागदाच्या कडेइतकी सरळ रेघ होती. दिवा दोन्ही भागांवर सारखाच पडला होता. घाव दोन्हीकडे सारखेच बसले होते. फरक होता तो फक्त नंतरच्या उजेडाचा. अंधारात राहिलेले मेले होते. उजेडात राहिलेले उठून कामाला लागले होते. बाराही प्लेटा तशाच होत्या. मी बारा वर्षे मुलींना सजीवांची लक्षणे शिकवली होती, वाढ, श्वसन, प्रजनन, फळ्यावर एकाखाली एक; आणि त्या यादीत हे कुठेच नव्हते.

एक प्लेट घेऊन मी सरांच्या खोलीत गेले. मी ती त्यांच्यासमोर ठेवली. सरांनी ती उचलली, फिरवली, खिडकीकडे धरून पाहिली.

‘झाकण कोणी काढले?’

‘मी काढले, सर.’

‘तुम्ही आत गेलात.’

‘हो.’

त्यांनी प्लेट खाली ठेवली नाही. ती हातात घेऊनच ते ग्रंथालयात गेले आणि अर्ध्या तासाने एक जाड बांधीव खंड घेऊन परतले. त्याच्या कडांवरची धूळ त्यांच्या शुभ्र बुशशर्टाला लागली होती. मला दिसले ते नवे नव्हते. जगाला ते पंचवीसेक वर्षे ठाऊक होते.

‘हे मी वाचले होते,’ सर म्हणाले, आणि जरा थांबून, ‘परीक्षेसाठी.’

मग त्यांनी मला समोर बसवून ते सगळे सांगितले. इतके सलग बोलताना मी त्यांना पूर्वी ऐकले नव्हते. प्रत्येक पेशीत तिच्या जगण्याची सारी माहिती डीएनए नावाच्या एका लांबलचक दुपदरी धाग्यावर लिहिलेली असते. अतिनील प्रकाश पडला की त्या लिखाणातली शेजारशेजारची दोन अक्षरे एकमेकांना चिकटतात आणि तिथे गाठ बसते. गाठीशी आले की वाचन अडते, नक्कल अडते, आणि पेशी मरते. पण पेशीपाशी एक विकर असते, एन्झाइम. ते धाग्यावरून चाचपत जाते आणि गाठ सापडली की तिला धरून बसते. अंधारात ते गाठ सोडवू शकत नाही. पण ती सोडून जातही नाही. नुसते धरून राहते. निळसर उजेडाचा किरण आला की त्याच किरणाचे बळ वापरून ते गाठ उकलते आणि पुढच्या गाठीकडे जाते.

‘आणि उजेड आलाच नाही तर?’ मी विचारले.

‘तर दुसरा मार्ग असतो. बिघडलेला तुकडा कापून काढायचा आणि समोरच्या पदरावर जे लिहिले आहे ते पाहून तेवढीच जागा पुन्हा विणायची. त्याला वेळ लागतो. दरम्यान पेशी विभागणे थांबवते. घाव फार असतील तर तेही पुरत नाही.’ सरांनी प्लेटच्या रिकाम्या अर्ध्या भागावर बोट ठेवले. ‘हे तीन-चार त्या मार्गाने जगले असतील.’

मी त्या तीन-चार ठिपक्यांकडे पाहत राहिले. अंधारात, वीस सेकंदांच्या घावानंतर, कुणीही न सांगता त्यांनी स्वतःचे लिखाण तपासले होते, चूक कापली होती, आणि दुसऱ्या पदरावरून ती दुरुस्त केली होती. मी शाळेत बारा वर्षे वह्या तपासल्या. इतक्या काळजीने एकही तपासली नसेल.

उठायची वेळ झाली तरी मी उठले नाही. सरांनी प्रश्नार्थक पाहिले.

‘सर, त्या दिवशी तुम्ही झाकणांचे विचारलेत. मी पाहिले नव्हते हे खरे. पण मी अर्धेच सांगितले.’ आणि मग मी उन्हाळ्याच्या आकड्यांचे सांगितले, धुण्याच्या वहीचे सांगितले, आणि ऊन असले की जास्त निघतात हे भाऊंनी आधीच म्हटले होते आणि मी त्यांना गाद्यांची गोष्ट ऐकवली होती, तेही सांगितले. शेवटी मी त्यांना आतल्या खोलीतली फळी पाहण्याची विनंती केली.

सर आत गेले. दार उघडे होते. त्या बारा वर्तुळांपुढे ते पाठमोरे उभे होते, आणि एका वर्तुळाच्या झिजलेल्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवलेला मला दिसला. बाहेर आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, ‘कामठीची बस कुठून सुटते?’

रविवारी दुपारी आम्ही दोघे गेलो. मी एक प्लेट रुमालात गुंडाळून घेतली होती. भाऊंच्या घरी पुढच्या खोलीतच माग होता. त्यांची पत्नी खड्ड्यात पाय सोडून विणत होती. आम्हाला पाहून भाऊ खाटेवरून उठले आणि सदरा शोधू लागले.

‘कोन आलं गा?’ तिने मान न वळवता विचारले.

‘सर आले. अन् बाई.’

‘सर आले?’ माग चालूच होता. ‘बसाले सांगा. कामचोरायच्या घरी बसतात काय सर लोक?’

‘चूप वं,’ भाऊ पुटपुटले.

‘त्या बरोबर बोलताहेत,’ सर म्हणाले. ते खाटेवर बसले नाहीत. ‘मी चुकलो. झाकणे तुम्ही रोज काढत होतात. शेरा मी काल लिहून पाठवला. जसा लिहायला हवा होता तसा. उद्यापासून कामावर या.’

माग थांबला. सरांनी भाऊंना ‘तुम्ही’ म्हटलेले मी प्रथमच ऐकत होते. भाऊही नऊ वर्षांत बहुधा प्रथमच. काय करावे हे न सुचून ते माझ्या हातातल्या रुमालाकडे वळले. ‘ते काय आनलं बाई?’

मी प्लेट दाखवली आणि जमेल तसे सांगितले. घाव, गाठ, अंधारात धरून बसणे, मग उजेड.

‘म्हंजे मेलेले उठून राहिले?’

‘मेले नव्हते. जखमी होते.’

‘अन् ऊन असलं का जास्त निघतात ते?’

‘तुमचेच खरे होते, भाऊ.’

प्लेट त्यांनी पत्नीकडे नेली, आणि तिने ती विणकराच्या नजरेने, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून पाहिली. पेशी विभागणे थांबवते हे मी सांगितले तेव्हा तिला नवल वाटले नाही. ‘थांबाच लागते,’ ती म्हणाली. ‘धागा तुटला अन् तसंच ठोकत राहिलं का पुरं थान वाया जाते.’ मग प्लेट मला परत देताना तिने विचारले, ‘मी तर डोयानं पाहतो, म्हनून मले समजते. याईले कोन सांगते, तुटलं म्हनून?’

सरांनी माझ्याकडे पाहिले आणि मी सरांकडे. पुढे कित्येक वर्षे मी त्या प्रश्नाच्या मागे वाचत राहिले. आपल्या कातडीतल्या पेशी घरापासून बसथांब्यापर्यंतच्या उन्हात किती घाव सोसतात आणि किती निमूटपणे ते भरून काढतात, हे वाचले. उजेडाने गाठ सोडवणारे ते विकर माणसात नाही, आपल्याला तो कापून पुन्हा विणण्याचा लांबचा रस्ताच तेवढा उरला आहे, हेही पुढे कळले. मे महिन्यातल्या भाजणाऱ्या दुपारी उष्णतेने वाकू लागलेल्या प्रथिनांना पेशी कशी आधार देते ते वाचले, तेव्हा खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे मी किती तरी वेळ पाहत बसले होते. तो उन्हात नुसता उभा आहे असे मला आजवर वाटत आले होते. पण कामठीच्या त्या खोलीतल्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मला कुठल्या पुस्तकात भेटला नाही. हे लिहायला मी इतका उशीर केला, त्याचे एक कारण त्या प्रश्नाचे पुरे उत्तर शोधणे हेही असावे.

दिवाळीला भाऊ कायम झाले. माझ्या प्रबंधाचा विषय सरांनी बदलून दिला, मरण्याऐवजी जगण्याचा. दिव्याखालून आलेल्या प्लेटा काळ्या कापडात गुंडाळायच्या, असा नवा नियम झाला. ते कापड कामठीच्याच मागावरचे होते. आणि सरांनी एक नवा चष्मा मागवला, माझ्या नाकाला बसणारा. जुन्या चष्म्याच्या खिळ्याशेजारी भाऊंनी त्याच्यासाठी दुसरा खिळा ठोकला.

त्या दिवसापासून प्रबंध पुरा होईपर्यंत मी रोज त्यांच्याबरोबर आतल्या खोलीत जात असे. दिवा लावण्याआधी ते एकेक झाकण उचलत, त्याच्या वर्तुळावर ठेवत, आणि दर वेळी माझ्याकडे वळून म्हणत, ‘पाहून घ्या बाई.’ कधी थट्टेने म्हणत, कधी थट्टेने म्हणत नसत. बाराही झाकणे जागेवर बसेपर्यंत मी पाहत असे.